साठेदार आणि राखणदार: वनस्पतिपेशीतल्या कॅल्रेटिक्युलिनची पार्श्वभूमी

वनस्पतींच्या रोगप्रतिकाराविषयी वाचताना हल्ली कॅल्रेटिक्युलिन हे नाव वारंवार भेटते. या प्रथिनाची पहिली ओळख मात्र सशाच्या स्नायूंत झाली. १९७४ मध्ये ऑस्टवल्ड आणि मॅक्लेनन यांनी स्नायुपेशीतल्या जालिकेतून, म्हणजे पटलांच्या जाळ्यातून, कॅल्शियम घट्ट धरून ठेवणारे एक प्रथिन वेगळे केले. पुढची पंधरा वर्षे त्याची ओळख कॅल्शियम धरणारे प्रथिन एवढीच राहिली. १९८९ मध्ये त्याच्या जनुकाचा क्रम हाती आला आणि कॅल्रेटिक्युलिन हे नाव रुजले.

कॅल्शियम साठवायचेच कशाला? पेशीद्रव्यात ते मोकळे फिरू लागले, तर फॉस्फेटशी जोडले जाऊन त्याचा न विरघळणारा साका होतो, आणि फॉस्फेटवाचून तर पेशीचे पान हलत नाही. म्हणून पेशी पेशीद्रव्यातल्या मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण लिटरमागे ०.१ मायक्रोमोलच्या आसपास ठेवते आणि उरलेले रिक्तिकेत (पेशीतल्या द्रवाच्या पिशवीत), आंतर्द्रव्यजालिकेत (नवी प्रथिने जिथे घडतात त्या पटलांच्या जाळ्यात; पुढे नुसती जालिका) किंवा पेशीबाहेर ढकलते. आत-बाहेरच्या या प्रचंड तफावतीमुळेच कॅल्शियम निरोप्याचे काम करू शकते. गारठा, स्पर्श किंवा जंतूची चाहूल लागली की पटलातली दारे क्षणभर उघडतात आणि पेशीद्रव्यातली पातळी एकदम चढते. जालिकेतला साठा सांभाळते ती कॅल्रेटिक्युलिनच्या शेपटाकडची आम्लधर्मी अमिनो आम्लांची रांग. एका रेणूवर २० हून अधिक कॅल्शियम आयन बसतात, पण पकड सैल असते, त्यामुळे गरज पडताच ते सुटतातही. घट्ट पकडीची जागा रेणूच्या मधल्या भागात आहे.

दुसरा धागा शॅपरोनचा, म्हणजे नव्या प्रथिनाची घडी नीट बसेपर्यंत त्याच्यासोबत राहणाऱ्या मदतनीस प्रथिनांचा. हा शब्द १९७८ मध्ये रॉन लास्की यांनी बेडकाच्या अंड्यातल्या एका प्रथिनासाठी वापरला. त्याला आजचा व्यापक अर्थ दिला जॉन एलिस यांनी, १९८७ मध्ये, आणि त्यांची वाट वाटाण्याच्या हरितलवकातून गेली होती. तिथे रुबिस्को या कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराचे मोठे उपघटक जुळणीपूर्वी दुसऱ्याच एका प्रथिनाला चिकटलेले दिसत. शॅपरोनच्या इतिहासात वनस्पतींचा हा वाटा फार कमी वेळा सांगितला जातो, याची मला खंत वाटते.

१९९० च्या दशकात दोन्ही धागे जुळले. जालिकेत तयार होणाऱ्या अनेक प्रथिनांना शर्करेची साखळी जोडली जाते. तिच्या टोकाची तीनपैकी दोन ग्लुकोज छाटली गेली की उरलेले एक ओळखून कॅल्रेटिक्युलिन आणि पटलात रुतलेले त्याचे भावंड कॅल्नेक्सिन त्या प्रथिनाला धरतात. शेवटचे ग्लुकोज निघाले की प्रथिन सुटते. घडी बसलेली नसेल, तर एक विकर पुन्हा ग्लुकोज लावते आणि प्रथिन परत त्याच हातांत येते. आरी हेलेनियस आणि सहकाऱ्यांनी हे चक्र १९९४ मध्ये मांडले. त्याच सुमारास ही दोन्ही प्रथिने वनस्पतींतही सापडत होती: कॅल्नेक्सिन अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या रोपात, कॅल्रेटिक्युलिन पालक, बार्ली, तंबाखू आणि मक्यात.

सुरुवातीचा भर साठ्यावर होता. २००१ मध्ये मक्याच्या कॅल्रेटिक्युलिनचे जनुक अरॅबिडॉप्सिसमध्ये घालून त्याचे उत्पादन वाढवले गेले. कॅल्शियम नसलेल्या माध्यमात हलवल्यावर या रोपांचा हिरवेपणा साध्या रोपांपेक्षा जास्त टिकला.

राखणदाराचे काम उघड झाले ते एका खुज्या रोपामुळे. ब्रासिनोस्टेरॉइड या वाढीच्या संप्रेरकाचा ग्राही, म्हणजे ते ओळखणारे प्रथिन, बीआरआय१, याच्यात एक अमिनो आम्ल बदललेले हे अरॅबिडॉप्सिस. पाने आखूड, गोल, एकमेकांना बिलगलेली. गंमत अशी की तो बदललेला ग्राही संप्रेरक ओळखायला सक्षम होता, फक्त जालिकेतच अडकून पडला होता. २००९ मध्ये दिसले, की सीआरटी३ हे कॅल्रेटिक्युलिन निकामी केले की तो निसटून पेशीपटलावर पोचतो आणि रोप उंच होते. अडवणूक घडीतल्या किरकोळ खोटीपायी चालली होती! त्याच वर्षी दुसरी बाजूही समोर आली. जीवाणूंच्या एका प्रथिनाचा तुकडा ओळखणारा ग्राही, ईएफआर, सीआरटी३ वाचून नीट तयारच होत नाही, आणि रोपाला त्या तुकड्याची चाहूल लागत नाही.

अरॅबिडॉप्सिसमध्ये कॅल्रेटिक्युलिनची तीन जनुके आहेत. त्यांतली दोन प्राण्यांमधल्या रूपाशी मिळतीजुळती, तर सीआरटी३ ही शाखा वनस्पतींचीच. तिच्या शेपटाकडे आम्लधर्मी रांगेच्या जोडीला आम्लारिधर्मी अमिनो आम्लांचा पुंजका आहे. कॅल्शियमच्या साठ्याला तो पोषक नाही, पण खोट असलेले प्रथिन जालिकेत रोखून धरायला नेमका तोच लागतो.