लिमोझ-बेनेदिक्तँ रेल्वे स्टेशन
लिमोझ-बेनेदिक्तँ हे फ्रान्सच्या मध्य-पश्चिम भागातल्या लिमोझ या शहराचं मुख्य स्टेशन, पॅरिसहून साधारण ४०० किलोमीटरवर, पॅरिस-तुलूझ लाइनवर. लिमोझ म्हटलं की लोकांना चिनीमातीची भांडी आठवतात, पण माझ्या मते या गावाची खरी ओळख म्हणजे हे स्टेशनच. इथे कधीकाळी बेनेडिक्टाइन साधूंचा मठ होता जो फ्रेंच राज्यक्रांतीत बंद पडला, त्याचंच नाव स्टेशनला मिळालं. रेल्वे इथे १८५६ मध्ये आली, आत्ताची इमारत मात्र बरीच नंतरची, रोजे गोंतिए या आर्किटेक्टने डिझाइन केलेली, १९२४ ला काम सुरू झालं आणि १९२९ ला उद्घाटन.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे स्टेशन रुळांच्या बाजूला नाहीये, रुळांच्या वर आहे! म्हणजे काँक्रीटचा प्रचंड मोठा ओटा बांधून त्यावर अख्खी इमारत उभी केलीय आणि गाड्या तिच्या पोटाखालून जातात, तिकीट काढायचं वर हॉलमध्ये आणि मग जिना उतरून फलाटावर जायचं. हॉलवर ३१ मीटर उंच घुमट आहे, त्यावर तांब्याचे पत्रे, आणि कोपऱ्यात ६७ मीटरचा घड्याळाचा मनोरा. आत मान वर करून बघत राहावं असं खूप आहे, फ्रान्सिस शिगो यांनी केलेल्या रंगीत काचा आहेत ज्यात ओक आणि चेस्टनटची पानं आहेत, म्हणजे याच भागातली झाडं, उन्हं आली की सगळा हॉल रंगून जातो. शिवाय चार बायकांची शिल्पं आहेत, लिमुझँ, ब्रिटनी, गॅस्कनी आणि तुरेन या चार प्रांतांची रूपं, कारण स्टेशन बांधणाऱ्या पॅरिस-ओर्लेआँ कंपनीच्या गाड्या त्या प्रांतांत जायच्या.

१९७५ मध्ये इमारतीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. १९९८ मध्ये घुमटाला आग लागून मोठं नुकसान झालं, पण तो पुन्हा होता तसा उभा केला, हे फार चांगलं झालं.

पॅरिसला जायला आजही तीन तासांच्या वर लागतात. प्वातिए या शहराहून इथे हायस्पीड लाइन आणायचं ठरलं होतं, पण २०१६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या प्रकल्पाची मंजुरीच रद्द केली.