मकबरा आणि न्यू ऑर्लिन्सचे थडगे: देह नेमका कुठे असतो?

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स पाहून आलेल्या मराठी प्रवाशांच्या वर्णनांत तिथल्या सेंट लुई दफनभूमी क्रमांक 1 मधील थडग्यांना सर्रास ‘मकबरे’ म्हटलेले आढळते आणि ते वाचताना दर वेळी चडफडायला होते. दोन्ही बांधकामे जमिनीवर उभी असतात आणि दोन्ही मृतांसाठी असतात, एवढ्यावरच त्यांच्यातले साम्य संपते.

मकबरा आपल्याला ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात दिलरास बानू बेगमची कबर खालच्या पातळीवर आहे आणि ती वरून, संगमरवरी जाळीआडून, वाकून पाहावी लागते. विजापूरच्या गोल घुमटात चौथऱ्यावर दिसतात त्या केवळ प्रतिकृती असून खऱ्या कबरी तळघरात आहेत. सुरतेला 1664 मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीच्या वेळी इंग्रजांची वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन याचे घुमटाकार स्मारक ख्रिस्ती असले, तरी कल्पना तीच आहे. वर दिसते ती मृताच्या नावाने उभी केलेली वास्तू असते, देह तिच्याखाली असतो. घुमट आहे की त्रिकोणी माथा, संगमरवर आहे की वीट, हे भेद कोणालाही दिसतात. त्यांवर शब्द खर्चण्याचे कारण नाही.

न्यू ऑर्लिन्सचे थडगे म्हणजे ज्यात देह खरोखर ठेवला जातो, असे विटांचे छोटे घर. 1789 मध्ये सुरू झालेल्या या दफनभूमीत एखाद्या कुटुंबाच्या थडग्यात बहुधा एकावर एक असे दोन कप्पे असतात आणि त्यांच्या तळाशी एक पोकळी राखलेली असते. शवपेटी वरच्या कप्प्यात सरकवून तोंड विटांनी बंद करतात, त्यावर चुन्याचा गिलावा करतात आणि पुढे नावाची संगमरवरी पाटी बसवतात. त्यानंतर किमान एक वर्ष आणि एक दिवस ते तोंड उघडायचे नाही, अशी रीत आहे. तिथल्या दमट उन्हाळ्यात बंद कप्पा भट्टीसारखा तापतो आणि देहाचे विघटन लवकर होते. कुटुंबात पुढचा मृत्यू झाला की विटा काढल्या जातात, लाकडाचे अवशेष टाकून दिले जातात, अस्थी मागे सारल्या जातात किंवा तळाच्या पोकळीत सोडल्या जातात आणि तोच कप्पा पुन्हा वापरला जातो. मुदत संपण्याआधीच दुसरा मृत्यू झाला, तर तो देह दफनभूमीच्या जाड भिंतीतील एखाद्या कप्प्यात तात्पुरता ठेवता येतो. या भिंतीतल्या कप्प्यांना तिथे फ्रेंचमध्ये ‘फूर’, म्हणजे भट्टी, असेच म्हणतात. गोव्यातील किंवा मुंबईतील कॅथलिक वाचकाला यात नवल वाटणार नाही. काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतील कोनाड्यात हलवण्याची पद्धत त्याच्या ओळखीची आहे.

दुसरा एक गैरसमज अधिक चिवट आहे. ‘जमिनीत पाणी असल्यामुळे पेट्या वर तरंगून येत, म्हणून देह वर ठेवू लागले’, असे प्रत्येक जण सांगतो. पाण्याची पातळी उंच आहे, हे खरे. परंतु शहराच्या आधीच्या, सेंट पीटर रस्त्यावरच्या दफनभूमीत लोक जमिनीतच पुरले जात होते आणि सेंट लुई दफनभूमीतही सुरुवातीला जमिनीत दफने झाली. पाण्याइतकाच वाटा फ्रेंच आणि स्पॅनिश कॅथलिक चालीरीतींचा, जागेच्या टंचाईचा आणि एकोणिसाव्या शतकातील प्रतिष्ठेच्या कल्पनांचा आहे. नुसते पाण्याचे कारण पुरेसे असते, तर पाणथळ जागेतल्या प्रत्येक शहरात असेच कप्पे दिसले असते; कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत, जी 1767 मध्ये सुरू झाली, भव्य मनोरे उभारले तरी देह जमिनीखालीच ठेवले गेले.

हा भेद लक्षात आला की तिथे काय पाहायचे, तेही बदलते. मकबऱ्यात एका व्यक्तीचा शोध घेतला जातो, इथे घराण्याचा घ्यावा लागतो. रेल्वेतील वर्णभेदाविरुद्धच्या 1896 च्या प्रसिद्ध अमेरिकन खटल्यातील होमर प्लेसी 1925 मध्ये वारला. त्याच्या नावाचे स्वतंत्र स्मारक शोधत फिरणाऱ्याची निराशा होते, कारण तो डेबर्ग आणि ब्लँको कुटुंबांच्या थडग्यात आहे. वूडू पंथाची प्रसिद्ध पुजारीण मारी लाव्हो हिचे म्हणून दाखवले जाणारे थडगेही ग्लापियाँ कुटुंबाचे आहे. त्यावर नवस म्हणून तीन फुल्या मारण्याची जी खोड पर्यटकांना जडली, तिचा मला मनापासून तिटकारा आहे. 2013 च्या डिसेंबरमध्ये कोणीतरी ते थडगे गुलाबी रंगवले आणि पुढच्या वर्षी त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली. मकबऱ्याच्या भिंतीवर ओरखडा उठला तर वास्तू विद्रूप होते. इथे मात्र भिंत हीच कबरेचे झाकण आहे आणि गिलावा गेला की मऊ विटांत पाणी मुरू लागते. वरून सिमेंट थापणे हाही उपाय नव्हे. घट्ट सिमेंटमुळे ओल आतच कोंडते आणि विटा भुरभुरतात. तिथे चुनाच हवा.

2015 पासून परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय पर्यटकांना या दफनभूमीत प्रवेश मिळत नाही. ज्यांच्या कुटुंबांची थडगी आत आहेत, त्यांना मात्र आपल्या माणसांना भेटायला येण्याची मोकळीक आहे, कारण त्यांतली कित्येक थडगी आजही वापरात आहेत.