फुटक्या सिमेंट पत्र्याचं काय करायचं?

गारपीट झाली की विदर्भातल्या गावांमध्ये कवेलू आणि सिमेंटचे पत्रे फुटतात, उरलेसुरले वानरं फोडतात. मग ते तुकडे कुटारावर, न्हाणीच्या आडोशाला किंवा ट्रॅक्टर फसू नये म्हणून थेट पांदण रस्त्याच्या चिखलात जातात. "सिमेंटच तर आहे!" आहेच, पण त्यात वजनाने साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस, म्हणजे धाग्यांसारखं एक खनिज, असू शकतो. बहुतेक वेळा क्रायसोटाइल नावाचा.

या क्रायसोटाइलची घडण मोठी मजेदार आहे. सिलिकाच्या थराला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा थर चिकटलेला असतो. दुसऱ्याचं माप किंचित मोठं, त्यामुळे ही जोडी सपाट राहूच शकत नाही. सिलिका आत, मॅग्नेशियम बाहेर अशी ती सतरंजीसारखी गुंडाळली जाते. एक सुरळी जेमतेम 25 नॅनोमीटर जाडीची, म्हणजे केसाच्या अडीच हजाराव्या भागाएवढी. अशा असंख्य सुरळ्यांचा एक धागा. तो घासला की उभा चिरत जातो आणि आणखी बारीक होतो.

फुफ्फुसात शिरलेली धूळ मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळून टाकतात. पण पेशीची लांबी 20 मायक्रॉनच्या आसपास आणि धागा त्याहून लांब असला, तर तो अर्धा आत, अर्धा बाहेर राहतो. पेशीला तोंड मिटता येत नाही. तिच्यातले पाचक रस आणि ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू बाहेर सांडत राहतात. दाह, व्रण, पुन्हा दाह. ॲस्बेस्टॉसिस (व्रणांनी फुफ्फुस ताठर होणं), फुफ्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) दिसायला बहुधा 20 ते 40 वर्षं जातात. बिडी ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पट.

जिनिंगमध्ये धुळीत राबणारे लोक 'छाती साफ होते' म्हणून गूळ खातात. खावा, चांगला लागतो. पण गूळ पोटात जातो आणि धागा वायुकोशात. दोघांची गाठच पडत नाही. 'फुफ्फुस डिटॉक्स'च्या महागड्या काढ्यांचंही तेच.

डोक्यावरचा पत्रा धड असेल तर घाबरू नका, सिमेंटने धागे जखडलेले असतात. धोका आहे तो ग्राइंडरने कापताना, भोक पाडताना, खराट्याने शेवाळ खरवडताना. चुंबक चिकटला तर ते टिन. नाही चिकटला तर पत्र्यावर 'आयएस 459' हा शिक्का शोधा, तो ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा. शिक्का पुसला गेला असेल तर नुसत्या नजरेने खात्री होत नाही, कारण बिनॲस्बेस्टॉसचे पत्रेही तसेच दिसतात. मग ॲस्बेस्टॉसच समजून चाला.

काढायचाच असेल तर पत्र्यावर पाय देऊ नका, मोडून माणूस खाली येतो. पंपाने साबणाचं पाणी मारून तो ओला ठेवा, हुक खोलून अख्खा उतरवा. दुपट्ट्यातून हे धागे सहज आत जातात; पी-100 फिल्टरचा मास्क लागतो. तुकडे ओले असतानाच जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा. ग्रामपंचायतीकडे सोय नसेल, तर विहिरीपासून दूर, नांगर पोचणार नाही इतके खोल पुरलेले बरे. पांदणीत मात्र नको, तिथे ट्रॅक्टरचं चाक रोज त्यांचं पीठ करतं. आणि कामाचे कपडे अंगणात झटकू नका, ओले करून वेगळे धुवा. ॲस्बेस्टॉस कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत.