कोयनेल अन् त्या काउंटेसची गोष्ट

आमच्या गडचिरोलीकडं हिवतापाचा विषय निघाला की कोणी ना कोणी ती गोष्ट सांगतेच, पेरू देशाच्या व्हाइसरॉयची बायको, चिंचोनची काउंटेस, एका झाडाच्या सालीच्या काढ्यानं तापातून बरी झाली अन् तिच्यावरून क्विनाइन नाव पडलं, म्हणजे आपलं कोयनेल. नाई ना बावा! त्या झाडाचं सिंकोना नाव लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७४२ मध्ये तिच्यावरून ठेवलं हे खरं, तेही स्पेलिंगमधला एक एच खाऊन, पण त्या काळच्या रोजनिशीत बाईला असा ताप आल्याचं काहीच नाही, तापानं पडत होता तो नवरा. क्विनाइन शब्द आला 'किना'वरून, तिकडच्या मूळ लोकांच्या केचुआ भाषेत साल. १८२० मध्ये पेलेतिए अन् कावाँतू या दोघा फ्रेंचांनी ते सालीतून वेगळं काढलं. अन् कडुलिंबातून बनते म्हणणारे तर वेगळेच, कडू लागते म्हणून काय झालं!