त्वचेचा ओलावा राखणारे घटक

त्वचेत पाणी टिकून राहावे म्हणून क्रीम, लोशन, सीरम यांत घातले जाणारे पदार्थ. पाणी ओढून धरणारे ते आर्द्रताधारक, कातडी मऊ करणारे ते स्निग्धक आणि वरून झाकण घालणारे ते आच्छादक, अशी त्यांची ढोबळ वाटणी करतात. एकच पदार्थ पुष्कळदा दोन कामे करतो, त्यामुळे ही वाटणी फार ताणू नये.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर कागदाहून पातळ असतो. त्यातल्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा चुना भरलेला असतो. त्या चुन्यात वजनाने सुमारे निम्मे सिरॅमाइडच. कढत पाणी आणि उग्र साबण यांनी हा चुना धुपतो नि आतले पाणी उडू लागते. किती उडेल ते हवा ठरवते, आणि ग्वाल्हेरची हवा याबाबतीत मुळीच दयाळू नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये छावणी हलवल्यावर शहराचा लश्कर हा भाग वसला. तिथल्या मराठी घरांना कोकणची दमट हवा माहेरपणापुरतीच. मे-जूनमध्ये लू वाहते, पारा ४५ अंशांवर जातो. जानेवारीत दाट धुके असूनही ओठ उलतात, याचे अनेकांना नवल वाटते. थंड हवेत वाफ मुळातच कमी मावते. धुक्यातली ती हवा हीटर लावलेल्या खोलीत तापली की कोरडी ठणठणीत होते.

आर्द्रताधारकांत ग्लिसरीन सर्वांत जुने, स्वस्त आणि भरवशाचे. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवून ते मिळवले. थंडीत फडताळात गुलाबपाणी-ग्लिसरीनची बाटली असतेच, पण ती वापरण्याची रीत बहुधा चुकते. निव्वळ घट्ट ग्लिसरीन कोरड्या गालावर चोळले तर हवेत ओढायला पाणी नसते, मग ते त्वचेच्या आतल्या थरांतलेच पाणी वर खेचते. गाल चिकटतो आणि चरचरतो. तोंड धुऊन, अर्धवट टिपून, पाणी मिसळून पातळ केलेले ग्लिसरीन लावावे व त्यावर तेलकट काहीतरी फिरवावे. उन्हाळ्यात कूलर खोलीत बाष्प सोडतो, एसी ते काढून घेतो; म्हणून तीच क्रीम एका खोलीत चिकट आणि दुसरीत अपुरी वाटते.

हायलुरॉनिक आम्ल १९३४ मध्ये मायर आणि पामर यांनी गाईच्या डोळ्यातील काचद्रवातून वेगळे केले. ते आपल्या वजनाच्या हजारपट पाणी धरते, असे जाहिराती सांगतात. हा आकडा अक्षरशः घेऊ नये. त्याचे मोठे रेणू त्वचेत शिरत नाहीत, पृष्ठभागावरच ओलसर पापुद्रा धरतात. चेहरा तात्पुरता टवटवीत दिसतो, तेलकटपणा येत नाही, हे खरे. पण कोरडेपणाच्या निव्वळ कामासाठी ग्लिसरीनच्या कितीतरी पट दाम मोजण्यात अर्थ नाही. युरियाची गोष्ट निराळी. सुमारे १० टक्क्यांपर्यंत तो ओलावा धरतो, २० टक्क्यांपुढे जाड कातडी सैल करतो; टाचांसाठी उत्तम, पण रक्त आलेल्या भेगेत झोंबतो.

तेलांत घरोघरी मतभेद. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, म्हणून डिसेंबर लागला की बाटली आंघोळीच्या बादलीत तरंगताना दिसते. शेजारपाजारी चालणारे मोहरीचे तेल उष्ण म्हणून वाखाणले जाते. उंदरांच्या त्वचेवरील प्रयोगात मात्र त्याने बिघडलेल्या थराची दुरुस्ती लांबवली, तर सूर्यफुलाच्या तेलाने ती लवकर झाली. तान्ह्या बाळाच्या मालिशीला म्हणून मोहरीचे तेल टाळलेले बरे. कोकणातल्या नातेवाइकांकडून येणारे मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, घट्ट पांढऱ्या गोळ्याच्या रूपात असते. गोळ्याचा तुकडा पळीत पातळ करून कोमट असताना टाचेच्या भेगेत सोडतात. गार होताच ते आत गोठते आणि भेग बुजते. स्निग्धक व आच्छादक ही दोन्ही कामे त्यातच होतात.

पाण्याचे उडणे रोखण्यात पेट्रोलियम जेलीच्या तोडीचे काही नाही. चीझब्रो यांनी १८७२ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट घेतले. ती स्वतः पाणी देत नाही, त्यामुळे ओल्या त्वचेवरच लावायची. डायमेथिकोन हे सिलिकोन याच कामाचा हलका पर्याय आहे.

दोन डब्यांची तुलना करायची तर पुढचे मोठे अक्षर सोडून मागची यादी वाचावी. भारतातील नियमांनुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. क्रीम नासू नये म्हणून घालतात त्या फिनॉक्सिइथेनॉल या संरक्षकाची कमाल मर्यादा १ टक्का. त्याच्यानंतर आलेला घटक, मग तो डब्यावर केवढ्याही अक्षरांत मिरवत असो, १ टक्क्याच्या वर नसतो.