पार्श्वभूमी : कॅल्क्युलेटरविना सांख्यिकी

मराठवाड्यातल्या शाळांत सांख्यिकी कॅल्क्युलेटरविना शिकवली जाते; त्याने काय बिघडतं ते बघण्याआधी थोडी मागची हकीकत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि इथलं माध्यमिक शिक्षण उर्दूतून चालत असे. निजामाचं राज्य गेल्यावर हळूहळू मराठी माध्यम रुळलं आणि 1956 मध्ये हा भाग मुंबई राज्याला जोडला गेला. पुढचा मोठा टप्पा 1975 चा. अकरावीची मॅट्रिक मोडीत निघाली, दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली.

आज शाळांत आहे ती 2018 च्या पुस्तकाची सांख्यिकी. दहावीच्या बीजगणितात हे शेवटचं प्रकरण, नववीतही शेवटचंच. शेवटचं प्रकरण शिकवायला घेईपर्यंत दहावीला सराव परीक्षा डोक्यावर येतात. बीड-धाराशिवकडच्या वर्गांत ऊसतोड कामगारांची काही मुलं दिवाळीनंतरच घरच्यांबरोबर फडावर गेलेली असतात. वर्षभरातला सगळ्यांत उपयोगी भाग त्यांच्या हातून निसटतो, याची चर्चा फारशी होत नाही.

खरा वाद आहे तो एका सूचनेचा. गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर लिहिलेलं असतं की गणकयंत्र (कॅल्क्युलेटर) वापरता येणार नाही. बारावीला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. ही एक ओळ अख्खं प्रकरण घडवते. मध्य, म्हणजे सरासरी, काढायला पुस्तकात तीन पद्धती आहेत : सरळ, गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन. तिन्हींचं उत्तर एकच येतं. बाकीच्या दोन पद्धती आहेत त्या हाताने करायचे गुणाकार लहान व्हावेत म्हणून. मूल वर्गमध्य (आकड्यांच्या प्रत्येक गटाचा मधला आकडा) मांडतं, त्यातून गृहीत मध्य (अंदाजाने धरलेली सरासरी) वजा करतं, वर्गांतराने (गटाच्या रुंदीने) भागतं, वारंवारतेने (गटात किती नोंदी आहेत त्या संख्येने) गुणतं, बेरीज घेतं, तिला एकूण वारंवारतेने भागतं आणि शेवटी सगळं उलटं फिरवतं. एका कोष्टकात अर्धा तास जातो. पण हा मध्य या माहितीबद्दल काही सांगतो का, हे विचारायला वेळ उरत नाही. आकडेही हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून बेतलेले असतात. अकरावीच्या प्रमाण विचलनातही (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते सांगणारं माप) वर्गमूळ सोपं निघेल असेच आकडे शोधावे लागतात.

बंदीच्या बाजूचे म्हणणे फेकून देण्यासारखे नाही. तांड्यावरच्या मुलाकडे यंत्र नसेल आणि शहरातल्याकडे भारीतलं असेल, तर परीक्षा समान कशी राहणार? पाढे सुटतात, ही शिक्षकांची तक्रारही खरी आहे. पण साधं बेरीज-गुणाकाराचं यंत्र शाळेनेच परीक्षेपुरतं द्यावं, हा मार्ग गंभीरपणे तपासला गेल्याचं ऐकिवात नाही. तो तपासायला हवा होता.

कारण खरे आकडे इथे दारातच आहेत. गेल्या दशकात महसूल मंडळांत (तालुक्यातल्या काही गावांचा एक गट म्हणजे मंडळ) स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आणि पावसाळ्यात मंडळनिहाय पाऊस पेपरात छापून येऊ लागला. समजा, एका तालुक्यातल्या पाच मंडळांत 24 तासांत 8, 12, 15, 20 आणि 95 मिलिमीटर पाऊस झाला. मध्य येतो 30, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) 15. चार मंडळांत 30 च्या आसपासही पाऊस नाही आणि पाचव्यात 65 च्या वर, म्हणजे अतिवृष्टी. तालुक्याची सरासरी बघून पंचनाम्याचं ठरवलं तर त्या पाचव्या मंडळाचं काय होईल, हे पंधरा वर्षांच्या पोराला लगेच कळतं. पैसेवारीचंही तसंच. नेहमीच्या उत्पन्नाच्या तुलनेत गावात रुपयाला किती पैसे पीक आलं, त्याचा हा सरकारी अंदाज. हंगामी, सुधारित, अंतिम असे तिचे तीन आकडे येतात. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाच्या सवलती ठरत आल्या. हा अंदाज काढताना पीक कापणीसाठी (उत्पादन मोजायला) कोणाचं शेत निवडलं, हा प्रश्न गावात दरवर्षी उठतो आणि तो नमुना निवडीचाच प्रश्न आहे. 1972 च्या दुष्काळापासून 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथपर्यंत या भागाचं नशीब अशा आकड्यांवर ठरलं, आणि ते आकडे वाचायला शिकवणारं प्रकरण काल्पनिक आकड्यांत अडकलं.

अकरावीत फाटे फुटतात. विज्ञानवाल्यांसाठी सगळं इंग्रजीत येतं. नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) मागे असलेली बरीच मुलं गणितच सोडतात. कलावाल्यांना अर्थशास्त्रात अकरावीला विभाजन मूल्ये (क्रमाने लावलेली माहिती समान भागांत तोडणारे आकडे), बारावीला निर्देशांक भेटतात. वाणिज्यवाल्यांचा गणित-संख्याशास्त्राचा पेपर या सगळ्यांत भरीव.

नव्या शैक्षणिक धोरणानुसारचा अभ्यासक्रम राज्यात 2025-26 मध्ये पहिलीपासून सुरू झाला. नववी-दहावीची पुस्तकं नंतरच्या टप्प्यांत बदलतील. मात्र गणकयंत्राची ती सूचना पुस्तकात नसते, प्रश्नपत्रिकेवर असते. पुस्तक बदललं म्हणून ती आपोआप जाणार नाही.