माउथपीस घ्यायला येताना वाद्य सोबत आणा
(ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्युबा आणि सुसाफोन वाजवणाऱ्या ग्राहकांसाठी)

तुळशीचं लग्न जवळ आलं की फोन सुरू होतात. "साडेसहा एएल नंबरचा माउथपीस आहे का? असेल तर बांधून ठेवा, मुलगा येऊन घेऊन जाईल." मुलगा येतो, माउथपीस (ओठ लावून फुंकायचा सुटा भाग) नेतो आणि संध्याकाळी तोच माउथपीस परत येतो, कारण तो वाद्यात बसत नाही. इंदुरातल्या इंदुरात असेल तर एका चकरेवर भागतं. देवास, धार, खंडव्याहून आलेल्या माणसाचा मात्र अख्खा दिवस जातो, आणि ऐन मोसमात असा दिवस कोणाकडेच नसतो. म्हणून हे पत्रक.

माउथपीसवर कोरलेला नंबर कपाचा असतो, म्हणजे ओठ टेकतात तिथला व्यास आणि आतली खोली. वाद्यात शिरणारी जी नळी, म्हणजे शँक, तिच्याबद्दल तो नंबर बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. बाख कंपनीचा ६½ एएल लहान शँकमध्येही मिळतो आणि मोठ्या शँकमध्येही. कप एकच, नंबर एकच, पण एक तुमच्या ट्रॉम्बोनमध्ये बसेल आणि दुसरा बसणार नाही. अर्ध्या इंची नळाला पाऊण इंची फिटिंग आणल्यासारखंच हे आहे. डेनिस विक कंपनीच्या माउथपीसवर शेवटचं अक्षर शँकचं असतं: ६बीएस लहान, ६बीएल मोठी. म्हणून त्यांचा नंबर सांगताना शेवटचं अक्षर गाळू नका.

शँकच्या टोकाचा बाहेरचा व्यास लहान शँकला साधारण ११ मिमी, मोठीला साधारण १२.७ मिमी. फरक दोन मिमीसुद्धा नाही, म्हणून डोळ्यांना तो जाणवत नाही. पण शँक निमुळती असते, वीस मिमी लांबीला जेमतेम एक मिमी जाड होत जाते. त्यामुळे जाडीतला एवढासा फरक लांबीत तीन सेंटीमीटरच्या वर जातो. मोठी शँक लहान रिसीव्हरमध्ये (वाद्याच्या ज्या तोंडात शँक बसते त्यात) टोकावरच अडते. लहान शँक मोठ्या रिसीव्हरमध्ये खोल घुसते आणि तरी डुगडुगत राहते.

आणि इथेच खरी चूक होते. डुगडुगणाऱ्या शँकवर कागद, प्लंबरची पांढरी टेप, कधी तर सलाइनचा चिकटपट्टा गुंडाळून आलेली वाद्यं आमच्या टेबलावर नेहमी असतात. टेपनं माउथपीस हलायचा थांबतो, पण जागेवर येत नाही. शँकचं टोक आणि लीडपाइप (रिसीव्हरच्या पुढची वाद्याची नळी) यांच्यामधली जागा बिघडली की वरचे आणि खालचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. मधला बी-फ्लॅट ट्युनरवर बरोबर येतो आणि वरचा एफ सरकतो. वाजवणारा ओठ आवळून तो ओढून आणतो. तासाभरात ओठ सुजतात आणि दोष वाद्याला लागतो.

दुसरा प्रकार याहून महागात पडतो. माउथपीस बाहेर राहतोय म्हणून तळव्यानं ठोकून आत बसवतात. निमुळती नळी ठोकली की ती अडकतेच. मग पकड लावून पिळतात, आणि लीडपाइपचा डाग (सोल्डरचा जोड) सुटतो किंवा नळीच पिळली जाते. माउथपीस अडकला असेल तर वाद्य तसंच घेऊन या. पुलर लावून पाच मिनिटांत काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही. पकड लावून झाल्यावर आणलंत तर डाग देण्याचे पैसे पडतील, आणि काम त्याच दिवशी होईल असं नाही.

घरी तपासायचं असेल तर सोपं आहे. माउथपीस हातानं हलकेच आत सोडा, फिरवू नका, दाबू नका. दोन बोटांत कपाजवळ धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. कणभरही हलला तर शँक चुकली आहे, नाहीतर टोक चेपलंय. पडलेल्या माउथपीसचं टोक लंबगोळ होतं, ते आम्ही साच्यावर गोल करून देतो. हलत नसेल तर पेन्सिलीनं रेघ मारून बाहेर काढा आणि मोजा. ट्रॉम्बोनला साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर आत गेलेला असावा.

युफोनियमवाल्यांनी अधिक सांभाळावं. पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेल्या मंडळींकडे जुनी विलायती युफोनियम असतात, त्यांतल्या काहींना लहानही नाही आणि मोठीही नाही अशी मधली शँक लागते, साधारण १२ मिमीची. मेरठच्या जली कोठीकडून येणाऱ्या वाद्यांचं माप वाद्यागणिक वेगळं निघतं. दोन सारखी दिसणारी युफोनियम शेजारी ठेवून आम्ही वेगवेगळे माउथपीस दिलेले आहेत. लहान शँक मोठ्या रिसीव्हरमध्ये बसवणारा अडॅप्टर आमच्याकडे असतो आणि कार्यक्रम अंगावर आला असेल तर तो कामाला येतो. उलट दिशेचा अडॅप्टर होत नाही. शँक कानशीनं घासून बारीक करून द्या असं बरेच जण सांगतात, ते काम आम्ही घेत नाही. कानशीनं निमुळतेपणा राहत नाही, आणि एक चांगला माउथपीस वाया जातो.

सुसाफोनला माउथपीसच्या आधी बिट्स बघा. मानेत बसणारे ते दोन छोटे वाकडे तुकडे गाडीत चढवता-उतरवता हरवतात. मग सूर चढा लागतो आणि लोक नवा माउथपीस मागतात. लागतो तो बिट.

आता कपाबद्दल. बाखच्या नंबरात आकडा लहान तितका कप मोठा: १२सी २४.५ मिमी, ५जी २५.५ मिमी. यामाहात उलटं, ५१ हा ४८ पेक्षा मोठा. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीला लावू नका. उथळ कपात आवाज उजळ येतो आणि वरचे सूर सोपे जातात. खोल कपात आवाज भरतो, खर्ज सुटा येतो, पण दम जास्त लागतो. वरातीत तीन तास चाल वाजवणाऱ्या ट्रॉम्बोनला आम्ही १२सी किंवा ७सी सुचवतो. शाळेच्या बँडमधल्या मुलाला, लहान बोअरच्या (आतून अरुंद नळीच्या) वाद्यावर, ६½ एएल लहान शँक. शिकवणाऱ्या सरांचा मोठ्या बोअरच्या वाद्यावरचा ५जी छान वाजतो म्हणून तोच मुलाला हवा असतो. पण सरांचे ओठ वीस वर्षं तयार झालेले आहेत. मुलाचा सूर पसरतो आणि दोन महिन्यांत त्याचा उत्साह जातो. मुलाला आधी मधल्या मापावर पक्कं होऊ द्या.

दुकानात आम्ही पाच-सहा माउथपीस काढून देतो, प्रत्येक वेळी स्पिरिटनं पुसून. एकावर आधी लांब बी-फ्लॅट धरा, मग जीभ न लावता खालच्या एफवर उतरा आणि परत वर या. काठ कुठे टोचतो ते ओठांना लगेच कळतं. पहिल्या मिनिटाला मोठा कप सगळ्यांनाच आवडतो, म्हणून दहा मिनिटं वाजवून मग ठरवायला सांगतो. याला वेळ जातो आणि काही जण कंटाळतात. पण असा बघून नेलेला माउथपीस सहसा परत येत नाही. नंबरावर मागवलेला येतो, आणि घरी वाजवून परत आलेली वस्तू आम्ही पुढच्या ग्राहकाला विकत नाही. म्हणून वाद्य न आणता नेलेला माउथपीस बदलून मिळणार नाही. वाद्यासोबत बघून नेलेला आठ दिवसांत बदलून देतो, फक्त प्लेटिंगवर (चांदीच्या मुलाम्यावर) ओरखडा नको.

प्लेटिंग टिकवायचं असेल तर चिंच, राख, भांड्यांची पावडर लावू नका. कोमट पाणी, साबण आणि माउथपीसचा ब्रश पुरे. काठावरची चांदी उडून पितळ दिसायला लागलं तर तो माउथपीस वापरू नका, ओठ चुरचुरतात. पुन्हा प्लेटिंग करून मिळतं, आठ-दहा दिवस लागतात.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि लग्नाचे मुहूर्त यांच्या आधीचे पंधरा दिवस दुकानात फुंकून बघायला जागा नसते. त्याआधी या, शक्यतो दुपारी. येणं जमतच नसेल तर शँकच्या टोकाजवळ मोजपट्टी धरून फोटो पाठवा, जुना माउथपीस वाद्यात बसवून दुसरा फोटो पाठवा, आणि काय वाजवता ते एका ओळीत लिहा.